एकही सुटता कामा नये

"ही घाण कोणाची?" जयप्रकाशने छापलेलं पान सफियाच्या टेबलावर आपटलं.

पानावर ओळ होती, 'टाकी ९०'. बस्स. पुढे कोरं.

मूळ मजकुरात होतं, 'टाकी ९०% भरल्यावर मोटर लगेच बंद करा.'

"टक्क्याची खूण, सर," सफिया म्हणाली. "आपलं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर त्या खुणेपुढची ओळ छापतच नाही. खुणेच्या आधी उलटी तिरकी रेघ टाकली की छापतं. आणि हा चॅप्टर तुमीच..."

"मला शिकवतेस? अगं, ती सोय आहे. खुणेपुढे आपल्यापुरते शेरे लिहायचे, कागदावर येत नाहीत. बारा वर्षं लिहितोय मी. तू तेव्हा करंजाड्याला झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका लावत होतीस."

बाजूचा स्वानंद खोटं खोटं खोकला. चॅप्टर जयप्रकाशनेच केला होता, हे बेलापूरच्या त्या अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं.

पण प्रकरण साधं नव्हतं. तळोज्याच्या हरेशशेठच्या पंपांचं दोनशे चाळीस पानांचं मॅन्युअल होतं ते. वर्डमधून टाइपसेटिंगला न्यायचं आणि छापून द्यायचं. शेठ खूश झाले तर तीन वर्षांचं काम आणि जयप्रकाशला कोपऱ्यातली काचेची केबिन. केबिनमध्ये त्याने आपला चहाचा मग आधीच नेऊन ठेवला होता.

शेठ दर सोमवारी यायचे. पायात चप्पल, हातात तीन फोन. "आमचा पंप पान्याचा हाय," म्हणायचे, "पुस्तक सादं पायजे. गावातल्या मानसाला कळंल असं."

"अगदी बरोबर, शेठ. तुमच्यासारखी नजर कोणाला आहे?" जयप्रकाश त्यांना लिफ्टपर्यंत सोडायचा. परत आला की लगेच फाइल उघडून काहीतरी टाइप करायचा आणि गालात हसायचा. कामावर प्रेम असलेला माणूस.

आता मात्र त्याला घाम फुटला होता. नमुन्याच्या पानावर मोटर बंद करायची सूचनाच गायब, आणि पान शेठच्या हाती पडलेलं.

"ऐक," तो सफियाला म्हणाला. "सगळ्या फाइलींत जिथे जिथे टक्का दिसेल, तिथे आधी तिरकी रेघ. एका फटक्यात बदलून टाक."

"सगळ्याच टक्क्यांना? सर, पण त्यात तुमचे..."

"पण-बिण नाही. मराठीत बोललो ना? एकही सुटता कामा नये. आणि डोकं चालवू नकोस, ते तुझं खातं नाही."

"बरं सर. मग मेलवर टाकता का एवढं?"

"घाबरट!" तो हसला आणि मेल टाकला. 'एकही सुटता कामा नये' हे ठळक अक्षरांत.

काम दहा मिनिटांत झालं. सफियाने प्रूफ आणून दिलं. "एकदा वाचता का, सर?"

"तिरक्या रेघाच टाकल्यात, विमान नाही बनवलं." त्याने न उघडताच 'तपासलं' लिहून सही ठोकली.

पंधरा दिवसांनी हरेशशेठ आले, ते बगलेत पुस्तक घेऊनच. अख्खं ऑफिस जमलं. मोठे साहेबही बाहेर आले.

"पाचशे पुस्तकं डीलरांकडं पोचली," शेठ म्हणाले. "या टायमाला एक शब्द गेला नाय. छाती ठोकून सांगतो."

"माझी जबाबदारी होती, शेठ," जयप्रकाश म्हणाला. "प्रत्येक पान स्वतः तपासलंय." त्याची नजर काचेच्या केबिनकडे गेली.

"म्हनूनच आलो. तुमच्यासमोर वाचतो." शेठनी चष्मा लावला, पान चौदा काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "'टाकी ९०% भरल्यावर मोटर लगेच बंद करा.' आली ना?"

"आली, शेठ!"

"आता फुडची." शेठचं बोट सावकाश सरकलं. "'% शेठला धड पाणी म्हणता येत नाही, आणि निघालाय पंप विकायला.'"