क्रियाविशेषणाची जागा

"हार्ड!" हेडमास्तरांनी लाल पेन्सिल त्या शब्दावर आपटली. "बाई, क्रियाविशेषणाला शेवटी एलवाय लागतो. आठवीतलं पोरगं सांगेल."

टेबलावर दया उजागरे बाईंच्या दाखल्याचा कच्चा मजकूर होता. उद्या अकराला संगमनेरच्या मुलींच्या शाळेत मुलाखत. जागा कायम. अनुभवाचा दाखला इंग्रजीत आणि हेडमास्तरांच्या सहीचा हवा, असं त्या शाळेच्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं. इथं सहा वर्षं बाईंना दर एप्रिलला कमी करायचे आणि जूनला पुन्हा घ्यायचे, त्यामुळे त्या कागदावर त्यांचा जीव अडकला होता.

"मिस उजागरे हॅज वर्क्ड हार्ड इन धिस स्कूल फॉर सिक्स इयर्स." एवढंच वाक्य. पण साधं वाक्य सुखानं जाऊ देतील तर ते हेडमास्तर राधाकृष्ण बोऱ्हाडे कसले! अकरावीला इंग्रजी शिकवायचे. त्यांचं इंग्रजी म्हणजे नियमांची एक वही. वही तोंडपाठ, भाषेचा पत्ता नाही.

"आणि जागा बघा," ते म्हणाले. "हॅज आणि वर्क्ड यांच्या मध्ये जागा कशाला असते? क्रियाविशेषणाला." त्यांनी शाळेचा छापील कागद ओढला, वळणदार अक्षरात लिहिलं, "मिस उजागरे हॅज हार्डली वर्क्ड", आणि पुढचं सगळं तसंच उतरवलं. सही ठोकली. शिक्का मारला. वर शाईवर फुंकर घातली. काय तो रुबाब!

बाईंनी वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"सर, हार्ड तसंच राहतं. एलवाय लावला की अर्थ उलटा होतो."

"मला शिकवता? मिशनच्या मडमेकडं चार अक्षरं शिकलात म्हणजे व्याकरण आलं होय? तुमचं सगळं ऐकीव. हॅज ऑलवेज वर्क्ड. हॅज नेव्हर वर्क्ड. बसलं ना मध्ये? मग हार्डली कुठं बसणार, माझ्या डोक्यावर?"

शिपाई भीमा चहा घेऊन आला होता. त्याला राहवेना. "काय लिवलंय वो बाई त्यात?"

"सहा वर्षांत मी इथं जवळजवळ कामच केलं नाही, असं."

"आरं तिच्या!" भीमाच्या हातातला कप हिंदकळला. "मंग दुस्काळात खडी फोडाया गेल्याल्या सात पोरी वर्गात कुनी आनून बसावल्या? भुतानं?"

"तू कप ठेव आणि गप उभा राहा," हेडमास्तर म्हणाले. "इंग्रजीचं मराठी करून बघायचं नसतं. म्हणून तर तुमच्यासारख्यांची गाडी अडते."

"सर, हात जोडते. ते वाक्यच गाळा. मी इथं होते, एवढंच लिहा."

"सही झालेला कागद बोऱ्हाडे बदलत नाही. न्यायचा तर हा न्या, नाहीतर दाखल्यावाचून जा. आणि तिथं कुणी विचारलंच, तर सांगा, क्रियाविशेषण हेडमास्तरांनी स्वतः जागेवर बसवलंय."

बाईंना वाटलं होतं, आता रडू येईल. रडू आलं नाही. या माणसाला सहा वर्षं सर म्हटलं, त्याची नुसती शिसारी आली. अख्ख्या गावाची पोरं याच्याकडून इंग्रजी शिकून बाहेर पडतात, आणि हा खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवतो.

त्यांनी दाखला उचलला, शांतपणे हेडमास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

"मी दाखल्यावाचून जाईन. हा तुमच्याकडंच राहू द्या, वाया जाणार नाही. नाव तेवढं बदला."

बाई बाहेर पडल्या, पायऱ्या उतरल्या.

"नाव बदलून कुणाचं घालायचं?" हेडमास्तरांनी भीमाला विचारलं. खरंच विचारलं.

भीमानं तोंडाला टोपी दाबली आणि तास संपायला अजून वीस मिनिटं होती तरी घंटा द्यायला बाहेर पळाला.