टाकला म्हण

"बूच बुडालं की ओढायचं. आधी नाही," बाप म्हणाला.

भिंगरीनं काठी दोन्ही हातांनी धरली. पोर सहा वर्षांची, काठी तिच्या दुप्पट. काठीला नायलॉनचा दोरा, दोऱ्याला औषधाच्या बाटलीचं बूच, खाली गळ, गळाला कणकेची गोळी. एवढंच सामान. सकाळी दात घासता घासता तिनंच मागणी केली होती, बाबा, मला गळ शिकव. बापानं का म्हणून विचारलं नाही. हल्ली तो कुणालाच काही विचारत नसे.

समोर कारखान्याचं तळं होतं. पूर्वी इथलं पाणी यंत्रं थंड करायला जायचं. आठ महिन्यांपूर्वी यंत्रं भंगारात गेली, आणि त्यांतलं एक बावीस वर्षं चालवलेल्या माणसाला मालकानं रिकाम्या शेडचा वॉचमन केलं. वर पाठही थोपटली. नशीब काढलंस म्हणाला. राखण कशाची, तर कुलपाची.

त्या दिवसापासून याच्या तोंडालाही कुलूप. दारू नाही, मारहाण नाही, शिवीसुद्धा नाही. बायको विचारायची, काय झालं, जेवलास का, बोल ना काहीतरी. हा भिंतीकडे बघायचा. शेजारी म्हणायचे, किती सोशिक माणूस. सोशिक कसला डोंबलाचा. भिंतीशी आठ महिने संसार करून बघा म्हणावं, मग सांगा.

तेवीस दिवसांपूर्वी ती पिशवी भरून दारात उभी राहिली. चपलेचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. एवढा वेळ कुणाला लागतो चप्पल घालायला? हा टीव्हीवर टायरची जाहिरात बघत होता. शेवटपर्यंत बघितली. ती भावाकडे गेली. पोरीची परीक्षा राहिली होती, म्हणून पोर मागे राहिली. तिला बघायला याची बहीण येऊन राहिली. आता परीक्षा संपली होती. रविवारी मामा येऊन भिंगरीलाही नेणार होता.

"अरे, निदान पोरगी जाण्याआधी तरी तोंड उघड," बहीण रोज डोकं खायची.

"जायचं तर जाऊ दे," एवढंच हा म्हणायचा. आणि खरंच त्याला आतून काही होत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल होतो तसं झालं होतं सगळं.

बूच बुडालं. भिंगरीनं ओढलं. बोटभर लांबीचा मासा हवेत तडफडला. तिनं उडी मारली नाही, टाळी वाजवली नाही. नीट बघून म्हणाली, "हा नको. सोड."

"अगं, पहिला मासा आहे तुझा."

"नकोय मला मासा."

बापानं गळ सोडवला, मासा पाण्यात टाकला, नवी गोळी लावली.

"हा दोरा किती वजन पेलतो?"

"दोन-तीन किलो."

"आणि जास्त असेल तर?"

"तुटेल. तुला काय मगर धरायचीय?"

आपण विनोद केला हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. भिंगरी हसली नाही.

"मगर नाही. मग जाड दोरा आणू. आणि ओढताना त्याला लागतं का रे?"

"लागतं. गळ आहे तो."

"कमी लागेल असा नाही मिळत?"

"नाही."

तिनं काठी घट्ट धरली. म्हणाली, "आता मी एकटीनं करणार. हात लावू नकोस."

बाप दोन पावलं मागे सरला. तिनं काठी खांद्यावरून मागे नेली आणि मनगटाला झटका दिला. पहिल्यांदा दोरा तिच्याच फ्रॉकात अडकला. दुसऱ्यांदा काठावरच्या गवतात. तिसऱ्यांदा बूच थेट तळ्याच्या मधोमध जाऊन बसलं. पोरीचा हात सरळ होता. आईवर गेला होता.

"बघ बाबा, मी गळ घातली."

"घातली नाही. टाकला म्हण. तो गळ."

"आत्या घातली म्हणते."

"तुझ्या आत्यानं जन्मात काठी धरलेली नाही."

"तेच ना," भिंगरी म्हणाली. बुचावरची नजर तिनं काढली नाही. "काल ती फोनवर सांगत होती. म्हणाली, वहिनीला तीनदा गळ घातली, पण ती काही येत नाही."

बाप उरलेली कणीक मळत होता. त्याचा हात थांबला.

"आत्याला येतच नाही, बाबा. मी शिकतेय, पण रविवार जवळ आला." तिनं पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुला तर लहानपणापासून येते ना? तू किती वेळा घातलीस?"