इंदूबाईचा नवरा

मरणाऱ्या माणसांजवळ बसायचं शिक्षण घेऊन मी अकोल्याच्या एका दवाखान्यात पहिल्यांदाच बसलो, ते इंदूबाईजवळ. तिचं कोणी उरलं नव्हतं. तिने डोळे उघडले, मला आपला मेलेला नवरा समजून थोबाडीत मारली. मग नखांनी गाल ओरबाडला. स्टीलचा ग्लास उचलून कपाळावर हाणला, एकदा नाही, तीनदा. कपाळ फुटून रक्त माझ्या डोळ्यात ओघळलं.

"मार ना आता मले," ती धापा टाकत म्हणाली. "हात झडले काय तुहे?"

मी जागचा हललो नाही. दम संपेपर्यंत ती मारत राहिली आणि माझा शर्ट मुठीत धरूनच झोपली.

आम्हाला शिकवणाऱ्या भावनाताई बाहेर माझ्या कपाळाला पट्टी बांधताना चिडल्या. "काका, पेशंट मारायले लागला तर मांगं सरकाचं, सिस्टरले बोलवाचं, शिकवलं होतं ना तुमाले? अन् मी तुहा नवरा नाही, एवढं तरी सांगाचं तिले."

"कसं सांगू, ताई?" मी म्हटलं. "माही पार्वता तीस वर्षं माह्या हातचा मार खाऊन गेली. तिनं एकदाही हात उचलला नाही."