चौथ्या गाण्यातला कूलर

सांगून आलेल्या स्थळाच्या फोटोतला मुलगा कोण ते वर्षालीने ओळखलं आणि फोन पालथा ठेवला. हिंगणघाटचा पियुष. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरी, स्वभाव शांत, गाण्याचा नाद. गेल्या हिवाळ्यात त्याने स्वतःच गाणी लिहून, गाऊन ‘हुडहुडी’ नावाचा अल्बम काढला होता, आणि त्या अल्बमची सालपटं वर्षालीने काढली होती.

घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. वडील रूपराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मुलीने मोबाइलवर चारचौघांना नावं ठेवलेली त्यांना खपली नसती. म्हणून ती दुपारी माडीवर बसून, ॲपने आवाज जाड करून ‘वाकडा कान’ नावाचं चॅनल चालवायची. "बी.ए. होऊन घरी बसलेली मी, वाकडा कान," अशी सुरुवात ठरलेली. मग स्वतःच्या हिमतीवर अल्बम काढणाऱ्या नव्या पोरापोरींचा समाचार.

तिची मतं ऋतूवर चालत. उन्हाळ्यात कूलरपुढे नाजूक गाणी मरतात, तेव्हा ढोलकीवाले ऐकावेत. गिटार घेऊन कुजबुजणाऱ्यांना कापूस वेचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावं. पावसाळ्यात पावसावरची गाणी ऐकूच नयेत, खरा पाऊस पत्र्यावर त्यांच्यापेक्षा बरा वाजतो.

‘हुडहुडी’बद्दल ती म्हणाली होती, "चौथ्या गाण्यात मागं कूलर ऐकू येते. मे महिन्यात कूलरपुढं पाय पसरून हा थंडीवर गाऊन राह्यला, मंग मी काऊन कुडकुडू? एका ठिकाणी शब्द विसरला अन् नुसता गुणगुणला, तेवढंच गाणं त्याचं स्वतःचं. बाकी सारं लोकायनं वाहवा म्हणावं म्हणून."

दुसऱ्याच दिवशी त्याचा मेसेज आला, एकदा भेटायचं आहे. भांडायला येणार म्हणून तिने त्याला ब्लॉक केलं. त्यानंतर त्याने एकही नवं गाणं टाकलं नाही आणि तिला चैन पडेना. जिभेला हाड नसतं म्हणतात ते आपल्यालाच, असं तिला वाटे. ते गुणगुणणं ती अजून ऐकायची. भर एप्रिलात, कूलर बंद करून, घामाघूम होऊन.

आणि आता तोच तिला बघायला येणार होता. मध्यस्थी करणारे नत्थूजी म्हणाले, पोरगा जरा पारखी आहे. तीन-चार मुली पाहून झाल्या, सगळ्या इथल्या, आर्वीच्याच, पण कुठे जमलं नाही.

रविवारी पियुष आईवडिलांसोबत आला. घराच्या मागेच एसटी डेपो, गाड्यांची नावं पुकारणारा भोंगा सारखा चालू. घरातल्या कोणाच्या कानात तो आता शिरत नसे. पियुष मात्र दर वेळी मान वळवून ऐकत होता. पाहुण्याला त्रास होतो आहे असं वाटून वर्षालीच्या आईने खिडकी लावून घेतली.

पोह्यांत मीठ नव्हतं. बाकीचे छान छान म्हणत खात होते, त्याने सरळ मीठ मागून घेतलं. वर्षालीला तो तिथेच आवडला.

मग दोघांना बोलायला माडीवर पाठवलं. माझं एक गाणं ऐकता का म्हणत त्याने फोन काढला. वर्षालीने सवयीने उठून कूलर बंद केला. पियुषने चटकन वर पाहिलं.

चौथंच गाणं होतं. मागे तो कूलर घुरघुरत होता, तिला स्वच्छ ऐकू येत होता.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"छान हाये."

"खरं सांगा. मले वाईट नाई वाटत."

या माणसाचं गाणं आपण एकदा बंद पाडलं, आता पुन्हा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. "खरंच छान हाये," ती म्हणाली. "सारेच गाणे छान हायेत."

"गाण्याच्या मागं काही ऐकू येते काय तुम्हाले?"

"नाई. काहीच नाई."

त्याने मान हलवली, फोन खिशात घातला आणि स्वतःच उठून कूलर सुरू केला.

पाहुणे गेले. त्याच संध्याकाळी वर्षालीने ‘वाकडा कान’ पुसून टाकला. सगळी मतं, सगळे ऋतू. लग्नानंतर कधी त्याच्या कानावर पडलं तर काय, हा विचार तिला सोसवेना. नवऱ्याच्या गाण्यापेक्षा चॅनल मोठं नाही, असं तिने स्वतःला समजावलं आणि मग पोटभर रडली. पुढचे दिवस ती नुसती जिना चढत-उतरत राहिली. दुपारी माडीवर जाऊन बसायची आणि करायला काही नाही म्हणून परत खाली यायची.

गुरुवारी नत्थूजी आले, चेहरा उतरलेला. रूपरावांनी चहा सांगितला. वर्षाली कप घेऊन आली आणि दारातच थांबली.

"नाई म्हणते पोरगा," नत्थूजी सांगत होते. "पोरगी चांगली हाये, नाव ठेवाले जागा नाई म्हणते. पण त्याले दुसरीच पाह्यजे."

रूपरावांनी विचारलं, कोण?

"त्याले तरी कुठं मालूम. मोबाइलवर कोणी बोलते म्हणे, वाकडा कान. तिनं त्याच्या गाण्यातला कूलर पकडला. एवढं मन लावून मले कोणीच ऐकलं नाई, लगन करीन तं तिच्याशीच, म्हणते. तिच्या बोलण्याच्या मागं आपल्या डेपोचा भोंगा ऐकू येते, म्हणून तवापासून आर्वीच्याच पोरी पाहून राह्यला. अन् रविवारपासून तिचं बोलणंच बंद झालं, तं पोरगा धड जेवून नाई राह्यला." त्यांनी वर्षालीच्या हातातला कप घेतला. "तू तं इथंच राह्यते बाई. तुह्या ओळखीत हाये काय अशी कोणी?"