दातेरी पट्टी

सोफ्याची पाठ उसवताच गफूरभाईंच्या हाताला कानाचं मशीन लागलं. ते हरवल्यापासून सासऱ्यांशी ओरडून ओरडून घसा बसतो, असं सूनबाई सकाळीच कुरकुरत होत्या.

गफूरभाईंनी खुशीत ते अप्पांपुढे धरलं. अप्पांनी स्वयंपाकघराकडे चोरून पाहिलं आणि मशीन पुन्हा सोफ्यात ढकललं. “मीच टाकलं होतं. दिवसभर तिची बोलणी ऐकवत नाहीत.” आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटलं, पण ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

गफूरभाईंनी नव्या कापडाची कड पत्र्याच्या दातेरी पट्टीत दुमडून घेतली. ही पट्टी एकदा चौकटीत ठोकली की बाहेर खिळा दिसत नाही, आणि कापड फाडल्याशिवाय आतलं काही निघत नाही. त्यांनी हातोडी उचलली, तोच सूनबाई दारात आल्या.

“ऐकलं मी,” त्या हळूच म्हणाल्या. “पट्टी चांगली घट्ट ठोका. मलाही घरात मोकळेपणानं बोलता येतंय.”

“काय म्हणते?” अप्पांनी विचारलं.

गफूरभाई त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, “चहा टाकतायत म्हणे.”