राजदूतांची सीट

व्हिएतनामच्या राजदूतांची गाडी मी कॅनबेरात चालवतो. दहनगृहातून हिच्या अस्थी घेतल्या आणि टॅक्सीने थेट राजदूत मॅडमकडे सुट्टी मागायला गेलो. “समुद्रापर्यंत कसे जाणार?” त्यांनी विचारलं. “माझ्या गाडीने. पण आमच्यात कलश वाटेत खाली ठेवत नाहीत. मांडीवर घेऊन चालवायचं कसं?” मॅडमनी दूतावासाच्या गाडीची किल्ली उचलली. “मागे बसा, भास्कर. तुमच्या बायकोने दिलेला निम्मा डबा मीच खायचे. तिला पोचवायला मी येणार.” राजदूतांच्या सीटवर मी कलश धरून अवघडून बसलो. “मॅडम, बॉनेटवरचा झेंडा काढूया. काम खाजगी आहे.” “राजदूत गाडीत असली की झेंडा लागतो. तुम्हीच सांगितलंत ना?” त्यांनी गाडी हळूच हलवली. फाटकावरच्या रक्षकाने झेंडा पाहून सवयीने मागच्या सीटला सलाम ठोकला. उत्तर द्यायला माझे हात मोकळे नव्हते. मी कलशच थोडा वर उचलला.