पुसलेली ओळ

अब्बांचं पत्र आजच कुवेतच्या कंपनीला फॅक्स व्हायला हवं होतं, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरची फ्लॉपीच खराब निघाली.

"ड्रायव्हरशिवाय काढते, बघाच तुम्ही!" म्हणत मी डॉसमधून फाइल थेट प्रिंटरला पाठवली. कागदभर किडेमुंग्या उमटल्या, मधेमधे इंग्रजी ओळी. अम्मीला कळावं म्हणून मी ऐटीत मराठीत वाचायला लागले, "दहा तारखेला कामावर हजर होतो... हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी परत जायला मनाई..."

मी कागदावरून मान वर करून अब्बांकडे बघितलं.

"ती ओळ मी पुसली होती," अब्बा पुटपुटले.

"स्क्रीनवरून गेली, फाइलमध्ये राहिली. थांबा, ती ओळ वगळून दुसरी प्रिंट काढते."

अम्मीने माझ्या हातातला कागद घेतला.

"दुसरी कशाला गो? हाच फॅक्स कर."